शर्यत चालू असताना नांगर टाकला त्या दिवसाबद्दल

मी पैसे घेऊन दुसऱ्यांच्या शिडाच्या बोटी पळवतो. पाहुण्यांना हे सांगितलं की आधी वाटतं क्रूझवर कामाला असेल, मग वाटतं होडी भाड्याने देत असेल, आणि रेसिंग म्हणल्यावर गप्पच बसतात. वर्ल्ड सेलिंगच्या, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेच्या, वर्गवारीत हौशी लोक ग्रुप 1 आणि पैसे घेणारे ग्रुप 3, मी ग्रुप 3. नेव्हीत असताना शिकलो, निवृत्त झालो तरी पाणी सुटलं नाही, आता कोणाच्या बोटीवर टॅक्टिशियन म्हणून जायचं, मालक सुकाणू धरतो, वारा कुठून येतोय, पाणी कुठं ओढतंय, कुठल्या बाजूला जायचं ते मी सांगायचं. दिवसाचे पैसे, जेवण, परतीचं तिकीट. मुंबईचा सीझन पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत, पावसाळ्यात हैदराबादला हुसेनसागरवर काही काम निघालं तर निघालं, नाहीतर पोरांना कोचिंग. श्रीमंतांचा खेळ असला तरी आपण त्यात मजूरच.

तर हा किस्सा फेब्रुवारीतला. बोट जे-24, म्हणजे चोवीस फुटी, बुडाखाली शिशाची कील, म्हणजे वजनदार पातं, असलेली, पाच जणांचा क्रू. मालक माझ्यापेक्षा वयाने लहान, व्यवसाय मोठा, स्वभावाने चांगला पण घाईचा. मला चीफ म्हणायचा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नेव्हीचाच एक तरणा पोरगा होता, बाकी दोघं मालकाचे मित्र. सिरीजची शेवटची रेस लांब पल्ल्याची, गेटवेसमोरून सुटायचं, मांडव्याच्या बाजूच्या बोयाला वळसा घालून परत गेटवे. पॉइंटचं गणित असं की जी बोट आमच्या पुढे होती तिच्या आणि आमच्यामध्ये एक तरी बोट घालून फिनिश केलं तर सिरीज आमची.

त्या दिवशी चतुर्दशी होती. मी थळच्या बाजूचा, आमच्याकडे लहान पोराला पण माहीत असतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चौदाची पाऊणपट साडेदहा. टाइड टेबल मी बघतोच, ते माझं कामच आहे, पण आधी तोंडाने हिशोब होतो आणि मग टेबल उघडलं जातं. म्हणजे साडेदहाला भरती पूर्ण, त्यानंतर पाणी सुकायला लागणार ते पार साडेचारपर्यंत, आणि दिवस उधाणाचे, त्यामुळे दीडच्या आसपास बंदरातून बाहेर जाणारी ओढ एकदम जोरात. अकराला स्टार्ट. जाताना ओहोटी आपल्या बाजूने, येताना अख्खी अंगावर. एरवी चालतं कारण दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, त्यात ओढ कापून वर येता येतं. पण सकाळपासून हवेत धुरकट साचलेलं होतं आणि मतलई वारा नेहमीपेक्षा उशिरापर्यंत रेंगाळत होता. मी मालकाला जेटीवरच म्हणलं, सर मध्ये मोठा खड्डा पडणार आहे वाऱ्याचा, डबा आत्ताच खाऊन घ्या. तो हसला.

जाताना मस्त गेलो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. साडेबाराच्या आत बोया फिरलो, तिसरे. आमची मंडळी, म्हणजे जिला मागे टाकायचं होतं ती बोट, पुढे दुसऱ्या नंबरवर. मग परतीला सगळ्यांनी सरळ रेषेत गेटवेकडे नाळ धरली म्हणजे बरोबर खोल पाण्यातून, जिथं ओढ सगळ्यात जास्त. मी कुलाब्याच्या अंगाला उथळ पाण्याकडे घ्यायला लावलं. एक तर उथळात ओढ कमी, दुसरं म्हणजे मोठ्या जहाजांच्या चॅनेलमधून बाहेर पडायचं होतं. मालक कुरकुरला की आपण लांबून चाललोय, मी म्हणलं चालू दे.

सव्वाच्या सुमारास वारा मेला. मेला म्हणजे पूर्ण नाही, शीड जेमतेम भरलेलं, सुकाणूमागे बारीक रेघ उठतीये, बोटीवर बसलेल्याला वाटतं आपण चाललोय. इथंच सगळे फसतात. बोट पाण्यातून पुढे जात असते आणि पाणीच तिला घेऊन मागे जात असतं. हे कळायला एकच उपाय, बाजूला बघायचं. माझ्या डाव्या हाताला संक रॉकचा दिवा, म्हणजे दीपगृह, होता आणि त्याच्या मागे कुलाब्यातली एक उंच इमारत. दिवा इमारतीच्या डाव्या कडेवर होता तो बघता बघता उजव्या कडेकडे सरकायला लागला. झालं. गेटवेकडे तोंड करून आम्ही मांडव्याला परत निघालो होतो.

मी पोराला हळूच म्हणलं, नांगर काढ. तो माझ्याकडे बघत राहिला. जे-24 वर नांगर ठेवावाच लागतो, क्लासचा, म्हणजे या जातीच्या बोटींचा, नियमच आहे, पण तो असतो कुठंतरी लॉकरच्या तळाशी, लाइफजॅकेटखाली, दोर कधी उलगडलेला नसतो. मालक म्हणाला, "चीफ, रेसमध्ये नांगर? डिस्क्वालिफाय होऊ." म्हणलं रेसिंगच्या नियमावलीतला नियम 45 वाचा सर, नांगर टाकायला परवानगी आहे, फक्त पुढे जायच्या आधी उचलून घ्यायचा, आणि नांगर टाकलेली बोट रेसमध्येच धरतात. तुमचं सुकाणू तसंच धरून ठेवा.

टाकायची पण पद्धत आहे. पुढे भिरकवायचा नाही, तो गुन्हा. नाळेवरून सरळ खाली सोडायचा, आवाज न करता, आणि दुसऱ्या बोटींना दिसणार नाही अशा बाजूने. दोर डोलकाठीच्या बुडाला बांधला, पाणी दहाएक मीटर असेल, तिप्पट दोर सोडला. सोडला त्या क्षणी दिवा इमारतीच्या कुठल्या खिडकीच्या ओळीवर आहे ते मी मोठ्याने बोललो आणि बाकीच्यांना पण बघून ठेवायला सांगितलं. मालकाला वाटलं चीफला ऊन लागलं.

मग दोर ताणला, बोट थांबली, आणि गंमत सुरू झाली. ओढ दोन नॉटच्या घरात असेल, त्यामुळे आम्ही जागेवर उभे आणि पाणी बोटीखालून पळतंय, मागे छान रेघ उठतीये, शिडं वर, सगळे शिस्तीत रेलिंगवर बसलेले. लांबून बघणाऱ्याला वाटणार यांनाच कुठून वारा मिळालाय. बाकीच्या बोटी एकेक करून मागे वाहत गेल्या, पुढचे दोघे सुद्धा. एकाने वैतागून इंजिन लावलं आणि रेस सोडून दिली. आमची मंडळी आमच्यापासून बरीच उजवीकडे खोल पाण्यात होती, मागे जाता जाता त्यांचा मालक उभा राहून आमच्याकडे बघत होता. एक भलं मोठं कंटेनर जहाज न्हावा शेवाकडे चाललं होतं, त्याच्या भोंग्याने त्यांची आणखी धावपळ झाली. आमचा पोरगा हसायला लागला तर मी डोळे वटारले, म्हटलं तोंड पुढे कर आणि रेस करतोय असा बस.

पावणेदोन तास. ऊन, धूर, डिझेलचा वास, कीलला अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. याच पाण्यात 1982 च्या एशियाडचं सेलिंग झालं होतं आणि फायरबॉलमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजियांनी गोल्ड काढलं होतं, ते मी क्रूला सांगत बसलो, वेळ जायला हवा ना. मालकाने डबा खाल्ला नव्हता, तो आता भुकेने चिडलेला.

तीननंतर वायव्येला पाण्यावर काळसर पट्टा दिसला. खारा वारा. पोरगा धावत नाळेवर गेला आणि दोर ओढायला लागला तसा मी ओरडलो, हळू, एकदम हळू. केसबुकात, म्हणजे नियमांवरच्या निवाड्यांच्या पुस्तकात, पाचवी केस आहे याचीच. दोर ओढत जिथं नांगर सोडला होता तिथपर्यंत आलात तर ठीक, पण त्या ओढण्याच्या जोरावर पुढे निघून गेलात तर ते वल्हं मारल्यासारखंच धरतात. हाताहाताने आलो, दोर उभा झाला, आणि नांगर निघेना. खाली अडकलेला. वारा आलेला, लांबच्या बोटी हलायला लागलेल्या, मालक म्हणतोय कापा कापा. उचलणं शक्यच नसेल तर सोडून जाता येतं, नियमात तशी सोय आहे, पण शक्य नव्हतं हे नंतर सिद्ध कोण करणार. दोर जेनोआच्या, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाच्या, विंचवर घेतला, तिघांनी मिळून फिरवला, नाळ चांगली वीतभर खाली गेली आणि मग एकदम सुटला. वर आला तो जुनं फाटकं जाळं आणि पसाभर चिखल घेऊन. मी बाजूला बघितलं, दिवा त्याच खिडक्यांच्या ओळीवर.

फिनिशला आम्ही पहिले. आमची मंडळी चौथी, आणि लाल झेंडा लावून आलेली, म्हणजे आमच्याविरुद्ध प्रोटेस्ट, तक्रार.

संध्याकाळी हिअरिंग. त्यांचं म्हणणं, आम्ही दोर ओढून बोट पुढे पळवली. ज्युरीत तीन जण. त्यांनी विचारलं नांगर सोडताना बोट कुठं होती, निघताना कुठं होती, आणि तुम्हाला हे कसं माहीत. मी दिवा आणि खिडक्या सांगितल्या. मग मला बाहेर बसवून पोराला आत साक्षीला बोलावलं, त्यानेही तेच सांगितलं, आणि अडकलेला नांगर निघेपर्यंत बोट त्याच्या बरोब्बर वर उभी होती हेही. रेस्क्यू बोटीवरच्या माणसाने पण आमची नाळ खाली गेलेली बघितली होती. एका ज्युरीने नांगर बघायचाय म्हणल्यावर पोराने तो जाळ्यासकट क्लबच्या व्हरांड्यात आणून ठेवला, फरशीवर चिखल, वास, क्लबचा माणूस धावत आला. प्रोटेस्ट फेटाळला.

बाहेर आल्यावर त्यांचा मालक चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला. मला वाटलं भांडतो आता. तर म्हणाला, पुढच्या सीझनला मोकळे आहात का. मी दिवसाचा रेट सांगितला. म्हणाला, बघून कळवतो.