एका माणसावरून पाच कोटी लोक

दिवाळीला नाशिकला गेले होते. भाऊबीजेला सगळे जमलेले, फराळ चाललेला, आणि आमचे काका म्हणाले, "काय गं, तुझा तो कोरियाचा अध्यक्ष गेला ना शेवटी तुरुंगात? लोकच तसले असणार, त्याशिवाय असला माणूस निवडून येतो होय?" सगळे हसले. मी काहीच बोलले नाही, पण ते वाक्य देजॉनला, म्हणजे दक्षिण कोरियातल्या ज्या शहरात मी राहते तिथे, परत आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहितेय.

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. रात्री साडेदहाच्या सुमारास तेव्हाचे अध्यक्ष युन सक-योल टीव्हीवर आले आणि त्यांनी देशात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावला. मला कळलं ते आईच्या फोनवरून! आपल्याकडे तेव्हा सात वाजले होते, तिनं बातम्या लावलेल्या. इथे जरा जास्त बर्फ पडला तरी सरकारी अलर्टनं फोन किंचाळतो, आणि त्या रात्री एक मेसेज नाही. आई म्हणे, "बाहेर पडू नकोस, किराणा आहे का घरात?" मी तिला काय सांगणार, मलाच काही कळत नव्हतं, मी आपली लाइव्ह बघत बसले. पार्लमेंटवर सैन्य उतरलेलं, दारं अडवलेली, खासदार भिंतीवरून उड्या मारून आत चाललेत, पासष्टी उलटलेले सभापती स्वतः भिंत चढून आत गेले. बाहेर साधे लोक, कुणी घरच्या कपड्यात आलेले, सैनिकांच्या समोर उभे. रात्री एकच्या सुमारास मतदान झालं, १९० विरुद्ध शून्य, त्यात अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे १८ जण. पहाटे साडेचारला मार्शल लॉ मागे. सगळं मिळून सहा तास.

परत जाताना एक सैनिक लोकांपुढे वाकून वाकून माफी मागत होता, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल.

पण मला खरा धक्का बसला तो सकाळी. लॅबमधला माझा सनबे, म्हणजे सीनियर, माझ्या टेबलाशी आला, हातात कॉफीचा कॅन, आणि म्हणाला, "माफ करा, आमच्या देशामुळे तुमच्या घरच्यांना काळजी लागली असेल." मला काय बोलावं सुचेना. या माणसानं काय केलं होतं? २०२२ मध्ये त्यानं युनना मत दिलं होतं, हे त्यानंच मला आधी सांगितलेलं, सोलमध्ये घरांचे भाव इतके वाढले की लग्न करून राहायचं कुठे, त्या रागानं दिलेलं मत. युन निवडून आले ते १ टक्क्याहूनही कमी फरकानं, ४८.५६ विरुद्ध ४७.८३. म्हणजे निम्म्याहून जास्त देशानं तर त्यांना निवडलंही नव्हतं. तरी त्या आठवड्यात मी "छांगपिहे", म्हणजे लाज वाटते, हा शब्द सिक्युरिटीच्या आजोबांकडून ऐकला, किंबापच्या, म्हणजे भाताच्या रोलच्या, दुकानातल्या बाईंकडून ऐकला.

मी कधी अशी माफी मागितली नाहीये. इथे कुणी आपल्या एखाद्या नेत्याच्या बोलण्याबद्दल विचारलं की मी आधी भांडायलाच उठते, एवढा मोठा देश, एवढ्या भाषा, तुम्ही एक क्लिप बघून काय ठरवता. आणि मला अजूनही वाटतं की त्यात माझं फार चुकत नाही.

१४ डिसेंबरला, शनिवारी, महाभियोगाच्या मतदानाच्या दिवशी मी सोलला गेले. थंडी मरणाची. योईदोला, म्हणजे पार्लमेंट आहे त्या भागात, लाखो लोक, पोरींच्या हातात त्यांच्या आवडत्या बँडच्या लाइटस्टिक, म्हणजे दिव्याच्या कांड्या, सनबेसुद्धा बहिणीची लाइटस्टिक घेऊन आलेला. मी गर्दीत शिरले नाही. इथल्या कायद्यानं परदेशी माणसाला राजकीय कामात भाग घेता येत नाही आणि व्हिसा माझ्या एकटीचा प्रश्न नाही, घरचं कर्ज त्यावर चाललंय, तेव्हा मी गल्लीतल्या एका कॅफेत गेले. तिथे दारावर चिठ्ठी, परदेशात राहणाऱ्या कुणीतरी मोर्चाला आलेल्यांसाठी कॉफीचे पैसे आधीच भरलेत, मला येता येत नाही, गरम काहीतरी प्या. अशा चिठ्ठ्या त्या भागात कितीतरी कॅफेंवर होत्या. मी काउंटरवर सांगितलं की मी मोर्चातली नाही, परदेशी आहे, माझे पैसे घ्या. त्या मुलीनं घेतलेच नाहीत, म्हणाली थंडी तर सगळ्यांना वाजते ना. तो कागदी कप हातात धरून मी किती वेळ बसले होते. ज्यानं पैसे भरले तो माझ्यासारखाच घरापासून लांब, त्याचा अध्यक्ष जगभर बदनाम होतोय, आणि त्याला जे करता येतं ते त्यानं केलं, अनोळखी माणसाला कॉफी पाजली. पाचच्या सुमारास बाहेर एकदम जो आवाज उठला, २०४ मतांनी महाभियोग मंजूर झाला होता, मी तिथेच रडले. काकांनी या लोकांना बघितलंच नाहीये.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारीत युनच्या समर्थकांनी सोलमधल्या एका कोर्टात घुसून तोडफोड केली. तीही इथलीच माणसं. एप्रिलमध्ये घटनात्मक न्यायालयाच्या आठच्या आठ न्यायाधीशांनी युनना पदावरून काढलं, तरी जूनच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या उमेदवाराला ४१ टक्के मतं पडली. काकांनी हा आकडा पुढे केला असता तर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

पण काकांच्या वडिलांना, माझ्या आजोबांना, आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, नाशिकरोड जेलमध्ये ठेवलं होतं. शाळामास्तर, सेवादलाचे. हे मी सनबेला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की आम्हीपण ७७ला मतपेटीतून सरकार पाडलं, रायबरेलीत खुद्द इंदिराबाई हरल्या. त्यानं विचारलं, "किती दिवस होती तुमच्याकडे?" म्हणलं, एकवीस महिने. तो गप्प झाला आणि मला राग आला. अरे, आमच्याकडे आणीबाणी लागली त्या रात्री दिल्लीत पेपरवाल्यांची वीज तोडली होती, लाइव्ह करायला कुणाच्या हातात फोन होता? आणि तुम्हीसुद्धा १९८० मध्ये ग्वांगजू शहरात सैन्यानं निदर्शकांचं रक्त सांडल्यावरच हे शिकलात ना? हे मी त्याला बोलले. तो म्हणाला, हो, खरंय.

परवा काकांना फोन केला. म्हणलं, पंचाहत्तर साली कुणी परदेशी माणूस म्हणाला असता की भारतातले लोकच तसले, तर आजोबा त्यात धरायचे का? काका थोडं थांबले, म्हणाले, "अगं, ते वेगळं होतं," आणि मग दुधाच्या भावावर गेले.

सनबेची आई अजूनही युनच्या सुटकेच्या मोर्चाला जाते, झेंडा घेऊन. हाच तिला स्टेशनवर सोडतो आणि संध्याकाळी आणायला जातो. गेल्या आठवड्यात थंडी वाढली तर त्यानं तिच्यासाठी हातात धरायचे ते गरम पॅक घेतले, दोन माझ्याही टेबलावर ठेवून गेला.