षटकोनी भोक: एजंटसाठी कॅडचं डॉक्युमेंटेशन लिहिताना

ओपनएससीएडीमध्ये, म्हणजे कोड लिहून त्रिमितीय मॉडेल बनवायच्या कॅड प्रोग्राममध्ये, एम३ (३ मिमी व्यासाच्या) स्क्रूसाठी ३.२ मिमी व्यासाचा सिलिंडर वजा करा आणि बाकी काही सांगू नका. भोक षटकोनी येतं. वर्तुळाचे तुकडे किती करायचे हे एफए (एका तुकड्याचा किमान कोन) आणि एफएस (तुकड्याची किमान लांबी) ही दोन व्हेरिएबल्स ठरवतात आणि त्यांच्या मूळ किमती १२ अंश आणि २ मिमी. परीघ १०.०५ मिमी, त्याला २ ने भागलं की ५.०३, म्हणून बाजू ६. षटकोन वर्तुळाच्या आत बसतो, त्यामुळे समोरासमोरच्या बाजूंत २.७७ मिमी अंतर उरतं आणि ३ मिमीचा स्क्रू अडतो. माणूस प्रिव्ह्यूकडे एक नजर टाकतो आणि एफएन, म्हणजे तुकड्यांची थेट संख्या, ६४ करतो. एजंट, म्हणजे स्वतःच कोड लिहून चालवणारा एआय, कोड चालवतो, एरर दिसत नाही, 'काम झालं' म्हणून मोकळा होतो.

कॅडचं बहुतेक डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून लिहिलेलं असतं. एजंटसाठी लिहायचं तर डोळ्यांचं काम आकड्यांकडे द्यावं लागतं.

त्यासाठी प्रत्येक फंक्शनच्या नोंदीत एकक, मूळ बिंदू कुठे, आणि त्रिज्या की व्यास, हे सांगायलाच हवं. कॅडक्वेरी या पायथॉनच्या कॅड लायब्ररीत 'होल' व्यास मागतो, 'सर्कल' त्रिज्या. कॅडक्वेरीचा 'बॉक्स' मधोमध ठेवलेला येतो. ओपनएससीएडीचा 'क्यूब' आणि फ्रीकॅड या आणखी एका कॅड प्रोग्रामचा 'मेकबॉक्स' कोपऱ्यापासून सुरू होतात. सिलिंडरला फ्रीकॅड आधी त्रिज्या मागतो, मग उंची. कॅडक्वेरीत नेमकं उलट. एजंटने ही तिन्ही वाचलेली असतात आणि तो त्यांची खिचडी करतो. म्हणून उदाहरणांत नुसते आकडे टाकू नयेत, पॅरामीटरचं नाव लिहूनच किंमत द्यावी. आवृत्तीही लिहावी. ओपनएससीएडीच्या नव्या डेव्हलपमेंट आवृत्त्यांतला मॅनिफोल्ड बॅकएंडचा (आकारांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या इंजिनाचा) पर्याय २०२१.०१ या स्थिर आवृत्तीला ठाऊकच नाही.

कॅडक्वेरीच्या 'होल'ची नोंद मी अशी लिहीन:

'होल: व्यास मिमीमध्ये, त्रिज्या नव्हे. खोली दिली नाही तर आरपार. आधी फेस (वस्तूची एक बाजू) निवडून त्यावर वर्कप्लेन (काम करायचं प्रतल) घ्यावा. तपासणी: ६०×४०×५ च्या प्लेटमध्ये ३.२ ची चार भोकं पाडल्यावर घनफळ ११,८३९ घन मिमी.'

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. घनफळ १२,००० आलं तर भोकं पडलीच नाहीत. ११,३५७ आलं तर ३.२ हा आकडा व्यासाऐवजी त्रिज्या म्हणून गेला आणि भोकं ६.४ ची झाली. ११,८६७ म्हणजे आपला षटकोन. बाउंडिंग बॉक्स (वस्तू जेमतेम मावेल अशी चौकट) मात्र चारही वेळा ६०×४०×५ च दाखवतो, त्यामुळे नुसती मापं जुळली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. घनफळ कसं काढायचं तेही लिहावं: फ्रीकॅडमध्ये 'व्हॉल्यूम' हा शेपचा गुणधर्म आहे, कॅडक्वेरीत ते फंक्शन आहे, म्हणजे पुढे कंस हवेत. ओपनएससीएडी २०२१.०१ स्वतः घनफळ सांगत नाही. एसटीएल (त्रिकोणांच्या जाळीची फाइल) काढून ट्रायमेश या पायथॉन लायब्ररीने मोजावं. एसटीएलमध्ये एकक नसतं, हेही तिथेच नोंदवून टाकावं.

चुकांबद्दल डॉक्युमेंटेशन सहसा गप्प असतं, आणि एजंट तिथेच फसतो. ओपनएससीएडीत मॉड्यूलचं नाव चुकलं तर फक्त वॉर्निंग येते, तो भाग गाळला जातो आणि फाइल तयार होते. भोकाचंच मॉड्यूल चुकलं असेल तर हाती कोरी प्लेट येते. कमांड लाइनवर हार्डवॉर्निंग्जचा पर्याय दिला की पहिल्याच वॉर्निंगला काम थांबतं; एजंटसाठी तो नेहमी चालू ठेवायला सांगावा. त्याच भाषेत एकाच स्कोपमध्ये (कोडच्या एकाच भागात) व्हेरिएबलला दोनदा किंमत दिली तर शेवटची किंमत सुरुवातीपासून लागू होते. पायथॉनची सवय लागलेला एजंट इथे हमखास आपटतो.

फिलेटचं, म्हणजे कडा गोल करण्याचं, दुखणं वेगळं. फ्रीकॅड आणि कॅडक्वेरी दोन्ही ओपन कॅस्केड या भूमितीच्या इंजिनावर चालतात आणि फिलेट बसला नाही की तिथून 'कमांड नॉट डन' एवढंच उत्तर येतं. ५ मिमी प्लेटच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना २.५ ची त्रिज्या मागितली तर मधला उभा पट्टा उरतच नाही. कारण आणि उपाय एरर मेसेजशेजारीच लिहावेत: त्रिज्या २.४ करा, किंवा एकाच बाजूच्या कडा घ्या. नाहीतर एजंट तीच कमांड फिरून फिरून चालवत बसतो.

फ्रीकॅडच्या उदाहरणांत 'एज१२' सारखी नावं ठेवू नयेत. मॉडेलच्या आधीच्या पायरीत बदल झाला की कडांचे क्रमांक सरकू शकतात. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला, पण एजंट उदाहरणातला क्रमांक जसाच्या तसा उचलतो ही अडचण वेगळीच. 'झेड दिशेला समांतर कडा' किंवा 'सगळ्यात वरचा फेस' अशी भूमितीवरून निवड दाखवावी.

डॉक्युमेंटेशनमध्ये काही बदललं की नव्या सेशनमध्ये एजंटला फक्त तेवढाच मजकूर द्यावा आणि वरचीच प्लेट करायला लावावी. घनफळ ११,८३९ सोडून दुसरं काही आलं, तर आधी 'होल'ची नोंद पुन्हा वाचावी, एजंटची प्रॉम्प्ट नंतर.