पहिल्या धुण्यानंतरचे गुण

शिवणाच्या परीक्षेत वस्तू पूर्ण करून बाईंच्या टेबलावर ठेवली, की आपले काम संपले असे आमच्या वेळी कोणालाही म्हणता येत नसे. पिशव्या, बटवे, रुमाल आणि अभ्रे यांना हजेरी क्रमांकाचे कापडी तुकडे टाचून बाई ती सगळी रास शाळेमागच्या हौदाकडे नेत, साबणाच्या पाण्यात भिजवत, आमच्याकडूनच चोळून पिळून घेत आणि कडुनिंबापासून कुंपणाच्या खांबापर्यंत बांधलेल्या दोरीवर वाळत घालायला लावत. सोलापूरच्या उन्हात तासाभरात कापड कडकडीत वाळे. दुसऱ्या दिवशी इस्त्री होई आणि गुण मिळत ते तिसऱ्या दिवशी. इतर शाळांतील मैत्रिणींना ही पद्धत सांगितली तर त्यांना आश्चर्य वाटे. पण आज इतक्या वर्षांनी शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले असताना मला सर्वांत आधी आठवते ती हौदाजवळची ती दोरीच.

माझे घर शहराच्या पूर्व भागात होते. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत आम्ही भावंडे वाढलो. वडील यंत्रमागावर टॉवेल विणत आणि अम्मा घरी विड्या वळत असे. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिल्यापासून या गावाचे पोट कापडावर चालत आले, सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, हे सारे खरे. पण कापडाच्या गावात राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांत अखंड नवे कापड क्वचितच येई. घरात येत असे ती चिंधी: मागावर बिघडलेले, कडेला कापलेले, किलोवर विकले जाणारे तुकडे. त्या चिंध्यांकडे वस्तू म्हणून पाहायला मला शाळेने शिकवले.

आठवीत बाईंनी आम्हाला ‘घरातील एका माणसासाठी एक उपयोगी वस्तू’ शिवायला सांगितली. मी अम्माच्या कात्रीसाठी घर शिवायचे ठरवले. तेंदूची पाने पत्र्याच्या साच्यावर ठेवून कापायची तिची कात्री सुपातल्या तंबाखूत सारखी हरवत असे आणि शोधताना एक-दोनदा तिच्या बोटालाही लागली होती. चाटी गल्लीतून हट्टाने आणलेले लालभडक कापड, आत पांढऱ्या मांजरपाटाचे अस्तर आणि वर साखळी टाक्याने भरलेले पिवळे फूल असे ते घर मला इतके सुंदर वाटले होते, की परीक्षेच्या आदल्या रात्री मी ते उशाशी घेऊन झोपले. धुऊन वाळल्यावर मात्र त्याची ओळख पटेना. लाल रंग अस्तरात उतरून ते गुलाबी डागांचे झाले होते, कोरे मांजरपाट आटल्याने बाहेरच्या कापडाला सर्वत्र चुण्या पडल्या होत्या, आणि बाईंनी टेबलाच्या खणातील कात्री त्यात घालून पाहिली तेव्हा ती निम्म्यावरच अडकली. पंचवीसपैकी नऊ गुण मिळाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून बाई म्हणाल्या, “फूल छान भरलं आहेस ग. पण हे तू आईसाठी शिवलंस की माझ्यासाठी? उद्या आईची कात्री घेऊन ये, आणि आज घरी ती कात्री कुठे ठेवते, कोणत्या हाताने उचलते, ते नीट बघून ये.”

त्या संध्याकाळी मी प्रथमच अम्माला काम करताना लक्ष देऊन पाहिले. पाने ओलसर असावी लागतात, म्हणून तिची बोटे आणि कात्रीची पाती सतत दमट असत. सूप मांडीवर असल्यामुळे कात्री उजव्या गुडघ्यापाशी जमिनीवर पडे. कात्रीचे टोक तीक्ष्ण होते आणि पानाच्या रसाने त्यावर काळपट थर चढला होता. मी शिवलेल्या तलम लाल कापडाला या कामात काहीही स्थान नव्हते. दुसरे घर शिवताना वडिलांच्या कारखान्यातील जाड पांढरी चिंधी दोनदा धुऊन घेतली, दोन्ही पदर एकाच कापडाचे ठेवले, टोकाच्या जागी जुन्या खाटेच्या निवारीचा तुकडा आत घालून त्यावर तीन आडव्या टिपा मारल्या आणि वर एक लांब नाडी लावली, म्हणजे ते कमरेला खोचता येईल. या वेळी वर फूल भरले नाही. बाईंनी त्याला किती गुण दिले ते आज आठवत नाही, परंतु अम्माने नंतरच्या वर्षांत दोन कात्र्या बदलल्या आणि घर तेच ठेवले. दर शनिवारी हिशेबाच्या विड्या देऊन आली, की ती ते धुऊन दाराच्या कडीला अडकवत असे.

घरी शिवलेल्या भेटवस्तूंबद्दल मला जे काही कळते ते सर्व या पहिल्या धुण्यातून आलेले आहे. कोऱ्या सुती कापडात खळ असते आणि विणताना धागे ताणलेले असतात; पाणी लागले की खळ निघून जाते, धागे आपल्या मूळ जागी येतात आणि मांजरपाटासारखे कापड मीटरमागे दोन इंच सहज आटते. म्हणून कापड बेतण्याआधी भिजवावे, सावलीत वाळवावे आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. गडद रंगाच्या कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबली, तर ते रंग सोडते की नाही हे दोन मिनिटांत कळते. मीठपाण्यात भिजवून रंग पक्का होतो असे घरोघरी सांगितले जाते, पण मी त्यावर कधीच विसंबत नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते कापड वेगळे धुते, आणि तरीही रंग जात राहिला तर त्याला पांढऱ्या कापडाशेजारी बसवत नाही. बाहेरचे कापड आणि अस्तर वेगवेगळ्या जातीचे असेल, तर दोन्हींना आधी पाणी दाखवल्याशिवाय एकत्र शिवणे म्हणजे भांडण शिवून ठेवणे, असे बाई म्हणत.

वडिलांच्या जेवणाच्या डब्यासाठी पिशवी शिवली ती नववीत. गोल बुडाची पिशवी शिकवताना बाईंनी फळ्यावर जे गणित मांडले ते मी आजही तसेच करते. डब्याचा व्यास ५ इंच असेल तर त्याचा घेर पावणेसोळा इंचांच्या आसपास येतो. डबा काढताना बोटे आत जावीत म्हणून दीड इंच सैल धरावे आणि उभ्या शिवणीसाठी दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया सोडावी, म्हणजे पट्टी सव्वाअठरा इंचांची होते. बुडाचे वर्तुळ मात्र डब्याच्या मापाने कापून चालत नाही, कारण ते सैल धरलेल्या घेराला जुळले पाहिजे: तयार साडेपाच इंच आणि भोवतीची माया मिळून साडेसहा इंच व्यासाचे वर्तुळ कापावे लागते. (कापडाच्या राखून ठेवलेल्या या कडेला ‘माया’ म्हणतात याचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले होते, आणि अजूनही वाटते.) वर्तुळाला पट्टी जोडताना दोन्हींच्या घड्या घालून चार-चार ठिकाणी खुणा कराव्यात, खूण खुणेला टाचावी, आधी हाताने धावदोरा घालावा आणि मगच यंत्राखाली घ्यावे. शिवणीच्या मायेला बारीक काप दिले नाहीत, तर बूड उलटवल्यावर गोल न दिसता कोपऱ्याकोपऱ्यांचे दिसते. वरच्या नेफ्यात दोन नाड्या परस्परविरुद्ध बाजूंनी ओवल्या, की दोन्ही टोके ओढताच तोंड समान मिटते. वडील ती पिशवी सायकलच्या हँडलला लावून पाळीवर जात, आणि बूड गोल असल्यामुळे आमटी सांडली नाही, एवढेच त्यांनी एकदा मला सांगितले.

टॉवेलच्या चिंधीने मला सर्वांत अधिक त्रास दिला आणि सर्वांत अधिक शिकवले. टेरी टॉवेल विणताना ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात, एक ताठ आणि एक सैल. साधारणपणे आडवे तीन धागे पडले की ते एकत्र पुढे ठोकले जातात आणि सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात, हे वडिलांनी मला मागाजवळ उभे करून दाखवले होते. त्यामुळे असे कापड कात्रीने कापले की कडेचे फासे सुटून घरभर धागे होतात आणि यंत्राच्या बॉबिनपाशी इतका कापूस साठतो की टीप सुटू लागते. दर दोन-तीन तुकड्यांनंतर बॉबिनचे घर काढून कुंचल्याने साफ करावे, साध्या चौदा नंबरच्या सुईऐवजी सोळा नंबरची लावावी, टाका थोडा लांब ठेवावा आणि कापल्या-कापल्या कडेला उरेब पट्टी लावून टाकावी. उरेब म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांना तिरके कापलेली पट्टी. ती ताणली जाते, म्हणून गोलाईवर चुणी न पडता बसते. अशा दोन पदरी टेरीला दोन्ही बाजूंनी सुती कापड लावून मी चुलीवरची भांडी उतरवायची फडकी शिवते. त्यांत एकही धागा पॉलिस्टरचा येऊ देत नाही, कारण तो उष्णतेने वितळतो. आणि ज्यांना देते त्यांना आवर्जून सांगते की फडके कोरडे असतानाच वापरा, ओल्या कापडातून चटका पटकन हाताला पोचतो.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे संक्रांतीचे वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाटल्या जात. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी त्याऐवजी भाकरी गुंडाळायची फडकी दिली: धुऊन मऊ केलेले दुहेरी मांजरपाट, चहूबाजूंनी हातशिलाई, कोपऱ्यात छोटा टाक्याचा तीळ. काहींना ते वाण फारच साधे वाटले, आणि तसे स्पष्ट बोलूनही दाखवले गेले. मला वाईट वाटले, पण पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या तीन दोऱ्यांवर ती फडकी वाळताना दिसली तेव्हा माझी खात्री झाली. रुखवतासाठी मात्र मी फारसे शिवत नाही. काचेच्या पेटीत ठेवायची, मणी चिकटवलेली वस्तू चार तास पाहिली जाते आणि मग माळ्यावर जाते, हे मला मनापासून पटत नाही. गुळेदगुड्डचा खण आणून त्याची पाकिटे शिवते तेव्हासुद्धा आतून बारीक सुती अस्तर पूर्ण लावते, कारण खणाच्या कडा फार लवकर उसवतात, आणि पाकीट हे रोज उघडायचे असते.

तान्ह्या बाळासाठी शिवताना माझा हात सर्वांत सावकाश चालतो. नव्या, कडक कापडापेक्षा वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दुपटे बाळाला सुखाचे असते, हे आपल्या आज्या जाणत होत्या. झबल्याच्या शिवणी मी बाहेरच्या अंगाला ठेवते, म्हणजे माया बाळाच्या त्वचेला घासत नाही. बटण, टिकली, मणी लावत नाही. आणि कुंचीच्या नाड्या गळ्याभोवती गुंडाळल्या जाणार नाहीत इतक्या आखूड ठेवते. भेट म्हणून ही वस्तू डोळ्यांत भरत नाही. तिचे मोल ती पन्नास वेळा धुतल्यानंतर आईला कळते.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आमच्या गल्लीतील बायका पहिल्यांदा माझ्याकडे शिकायला आल्या. सोलापुरात गणवेश शिवण्याचा धंदा मोठा असल्याने खाकी, निळ्या आणि चौकड्याच्या तुकड्यांना तोटा नव्हता. भाजीची पिशवी प्रत्येकीला येत होती, परंतु बंद कुठे सुटतात हे कोणाला ठाऊक नव्हते. बंदाचे टोक पिशवीच्या काठात दीड इंच आत घेऊन त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारली, तर पाच किलो कांदे त्यात बिनधास्त आणता येतात. ती फुली मारताना मी नकळत बाईंच्या स्वरात बोलू लागते, असे माझी लेक म्हणते.

यंदा महोत्सव समितीने पाहुण्यांना स्मरणिका देण्यासाठी कापडी पिशव्या हव्यात असे कळवले, आणि ते काम मी मागून घेतले. स्मरणिकेचा आकार विचारून, ती सहज आत-बाहेर होईल एवढे सैल धरून, गणवेशाच्या निळ्या तुकड्यांच्या साठ पिशव्या शिवल्या. गेल्या रविवारी त्या सगळ्या गच्चीवर धुऊन वाळत घातल्या. अठ्ठावन्न नीट निघाल्या. दोन पिशव्यांना कमी पडले म्हणून लाल बंद लावले होते, त्यांचा रंग काठावर उतरला. ते बंद उसवून मी निळे लावले आहेत, आणि त्या दोन पिशव्या काल पुन्हा धुतल्या आहेत.