आमची शुक्रवारची संध्याकाळ

परवा फोनवर मावशी म्हणाली, "लंडनला राहता आणि फिरायला म्युझियममध्येच जाता होय गं? कधी चांगल्या हॉटेलात नेत नाही का तो तुला?" मी विषय बदलला, पण ते मनात राहिलं. म्हणून हे लिहितेय.

भाडं गेल्यावर हातात काय उरतं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. नॅशनल गॅलरी या इथल्या चित्रांच्या संग्रहालयात जायला लागलो ते खर्च वाचावा म्हणूनच. पण आता दोघांचेही पगार बरे आहेत, तरी शुक्रवार आम्हाला सोडवत नाही. आम्ही मन मारून तिथे जातो असं कुणाला वाटलं की मला लागतं.

शुक्रवारी गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. तिकीट नसलं की माणसाची बघण्याची रीतच बदलते. पैसे मोजले की ते वसूल करायचे असतात, मग पाय दुखले तरी एकही दालन चुकवायचं नाही. इथे एक चित्र बघून बाहेर पडलं तरी काही बुडत नाही.

आमचं ते एक चित्र म्हणजे यान वान आइक या चित्रकाराचं 'आर्नोल्फिनी', सन 1434. उंची जेमतेम 82 सेंटिमीटर. हातात हात घेऊन उभं असलेलं जोडपं, पायाशी केसाळ कुत्रं, झुंबरात दिवसाढवळ्या जळणारी मेणबत्ती. खिडकीशी संत्री ठेवलीत, कारण उत्तर युरोपात तेव्हा ती श्रीमंतांनाच परवडायची. कोपऱ्यात लाकडी जोडे, आपल्याकडे दारात चपला काढाव्यात तसे. चित्रातली बाई गरोदर आहे असं माझ्या नवऱ्याला पहिल्यापासून वाटायचं. तिने झग्याचा घेर पोटाशी उचलून धरलाय, एवढंच. मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा आहे. त्यात दोघांच्या पाठी दिसतात आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसंही. आरशाच्या वर चित्रकाराने चक्क लिहून ठेवलंय की यान वान आइक इथे होता.

एकदा तिथल्या वयस्कर रखवालदार बाईंनी आम्हाला रेंगाळताना पाहिलं आणि त्या आपणहून जवळ आल्या. म्हणाल्या, आरशाची चौकट नीट बघा. चौकटीत नखाएवढी दहा वर्तुळं आहेत आणि प्रत्येकात येशूच्या अखेरच्या दिवसांतला एकेक प्रसंग. कुणी घाई केली नाही, कुणी 'पुढे चला' म्हटलं नाही.

शाळेच्या सहलीत पुण्याचं केळकर संग्रहालय पाहिलं होतं ते रांगेत, पुढच्या मुलीच्या वेणीमागून. तिथले अडकित्ते आणि दिवे मी आज तासभर बघत बसेन. संग्रह म्हणून तो कुठेही कमी नाही, हे मी इथल्या मित्रमैत्रिणींना ठासून सांगते. आपल्याकडे तिकीटही फार नसतं. कमी पडते ती ऑफिस सुटल्यावरची वेळ. सहाच्या आत बंद होणाऱ्या संग्रहालयात नोकरी करणारं जोडपं जाणार कधी?

इथेही सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आणि सायन्स म्युझियममध्ये प्रवेश फी होती, ती 2001 च्या अखेरीस गेली. आणि व्ही अँड एमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ समोर आला की या फुकट प्रवेशाचं कौतुक माझ्या घशात अडकतं. आपल्याकडून नेलेलं आपल्यालाच फुकट दाखवतात, त्यात उपकार कसले! तरी मी जाते, आणि कुणाची मिंधी असल्यासारखी जात नाही.

आता खाऊचं. संग्रहालयांतली कॅफे महाग असतात, पण व्ही अँड एच्या जुन्या उपाहारगृहाच्या चिनीमातीने मढवलेल्या दालनात एक स्कोन, म्हणजे छोटा गोडसर पाव, दोघांत घेऊन बसायला हरकत नाही. नॅशनल गॅलरीने ऑक्टोबर 2024 मध्ये पाण्याची बाटलीसुद्धा आत न्यायला बंदी केली. 2022 मध्ये तिथल्या व्हॅन गॉगच्या 'सूर्यफुलं' या चित्रावर सूप फेकलं गेलं, तसे हल्ले पुढेही झाले, त्यामुळे ही कडक तपासणी. म्हणून डबा न नेता आम्ही नंतर चायनाटाऊनमध्ये चालत जातो. तिथे कस्टर्ड भरलेले माशाच्या आकाराचे केक काचेमागे भाजताना दिसतात. ते गरमच खायचे. घरी परतताना बसचं भाडं एकदाच पडतं, तासाभरात बस बदलली तर दुसऱ्या बसचे पैसे पडत नाहीत.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात येतेय. तिला शुक्रवारीच घेऊन जाणार आहे.