मस्टरवरचा रकाना

दापोली तालुक्यातील एका आंबा-काजू रोपवाटिकेचे हिशेब मी सांभाळतो. सप्टेंबर 2021 मध्ये, गौरी-गणपतींचे विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतल्यावर, आमच्या कामगारांच्या ई-श्रम नोंदणीसाठी एक संगणकचालक लॅपटॉप घेऊन आला. असंघटित कामगारांचे हे पोर्टल 26 ऑगस्टला सुरू झाले होते आणि त्यासाठी वयाची अट 16 ते 59 अशी होती. मस्टरवर 26 नावे होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम उरकेल, असा माझा अंदाज होता.

पहिल्या तासातच तो खोटा ठरला. वर्षानुवर्षे माती आणि शेणखत कालवून पिशव्या भरणाऱ्या बायांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या, त्यामुळे यंत्रावर अंगठे जुळेनात. ओटीपी मागवावा, तर आधारला जोडलेला मोबाईल मुंबईत नवऱ्याच्या खिशात. आधार नसलेले दोन नेपाळी गडी तर आधीच बाजूला झाले होते.

मग कलमे बांधणाऱ्यांची पाळी आली. कोय कलमात सगळी मदार हातावर असते: पावसाळ्यात कोय रुजून आलेल्या, तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला चीर द्यायची, त्यात चांगल्या जातीच्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी आवळायची. आमच्याकडे हे काम पाच पुरुष करत, आणि त्यांपैकी तिघांना पोर्टलने वयावरून नाकारले. त्यांतल्या एका काकांच्या आधारवर 1 जानेवारी 1961 ही तारीख होती, कोणी तरी अंदाजाने घातलेली. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी रांगत होतो," असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तो भूकंप डिसेंबर 1967 मधला, म्हणजे काका जेमतेम चोपन्नचे; पण यंत्राला भूकंप कसा सांगणार?

त्यांच्यामागून काम शिकणारा तरुण गडी एकही नव्हता. 2020 च्या टाळेबंदीत गावी आलेली दोन मुले एक हंगाम काकांजवळ बसली होती, पण गाड्या सुरू होताच गेली.

माझी खरी अडचण मात्र दुपारी झाली. तो संगणकचालक बायांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'शेतमजूर' निवडत होता आणि मीही मान डोलावत होतो. तेव्हा त्यांच्यापैकी एक बाई शांतपणे म्हणाली, "भाऊ, दोन पावसाळे मी कलमे बांधते आहे. माझ्यापुढे मजूर का?"

तिचे म्हणणे खरे होते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात तालुक्यातल्या बागा आडव्या झाल्या, कलमांची मागणी एकदम वाढली, आणि पाच जणांना ती झेपेना म्हणून आठ बायांनी चाकू हाती घेतला होता. त्यांची कलमे जगण्यात काही कमी नव्हती (वाफ्यांच्या नोंदी मीच ठेवतो). तरीही पुरुषांना जगलेल्या कलमामागे दर मिळे आणि बायांना पिशव्या भरण्याचाच रोज, कारण मस्टरवर त्यांची नावे पिशव्यांच्याच रकान्यात राहिली होती, आणि ती तिथे मी ठेवली होती. समान वेतन कायदा 1976 पासून होता, हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात माळी आणि रोपवाटिकेत रोपे वाढवणाऱ्यांचा वेगळा गट आहे, 6113. मी चालकाला तो शोधायला लावला आणि आठही नोंदी त्याखाली करून घेतल्या. संध्याकाळी मस्टरवर आठ नावे कलमांच्या रकान्यात उतरवली आणि दोन हंगामांच्या फरकाचा हिशेब मालकांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, माझे कौतुकही केले, आणि कलमामागचा दर बायांना 1 ऑक्टोबरपासून मंजूर केला. आमच्याकडे तोवर कलमे बांधून संपलेली असतात.