कपड्यातलं न दिसणारं पाणी

एक किलो सुती कापड तयार होईपर्यंत जागतिक सरासरीने सुमारे 10,000 लिटर पाणी लागतं. म्हणजे ग्रॅममागे 10 लिटर. एवढा आकडा ध्यानात ठेवला की हिशेब घरच्या वजनकाट्यावर होतो: 250 ग्रॅमचा टी-शर्ट, 2,500 लिटर. कापडात पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर लेबलवरची कापसाची टक्केवारी बघून तेवढंच वजन धरा.

आता किती वेळा घातला, याने भागा. 25 वेळा घालून टाकून दिला तर प्रत्येक वेळेचे 100 लिटर. 100 वेळा घातला तर 25. धुण्याचं पाणी यात धरलेलं नाही.

घोटाळा होतो तो नुसते लिटर एकमेकांशी ताडून पाहण्यात. डच अभ्यासक आर्यन हुकस्ट्रा यांनी 2002 मध्ये मांडलेल्या वॉटर फूटप्रिंटमध्ये (एखादी वस्तू तयार होईपर्यंत लागणाऱ्या एकूण पाण्याचा हिशेब) पुढे पाण्याचे तीन रंग आले. हिरवं म्हणजे पावसाचं, मातीत मुरलेलं. निळं म्हणजे नदी, धरण, विहिरीतून घेतलेलं. करडं म्हणजे प्रदूषण सुरक्षित पातळीपर्यंत पातळ करायला लागेल तेवढं (हे खरं तर कागदावरचंच पाणी). चॉकलेटचा आकडा किलोला 17,000 लिटरच्या आसपास जातो, पण त्यातलं बहुतेक हिरवं. कापसाला निळं बरंच लागतं, आणि कोरड्या प्रदेशात ते नदीच रिकामी करतं. मध्य आशियातला अरल समुद्र आटला तो मुख्यतः कापसाच्या सिंचनामुळे.

म्हणून आधी निळा आकडा बघा, मग पीक कुठल्या प्रदेशातलं ते. एकूण बेरीज शेवटी.