फ्रेटची टोकं अखेर वाकली, रोलर गेला माळ्यावर

गिटारच्या मानेवरची कमानदार लाकडी पट्टी म्हणजे बोर्ड आणि तिच्यात आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. फ्रेटची तार बोर्डाच्या गोलाईला वाकवायला मी तीन बेअरिंगांचा रोलर केला. मागच्या खेपेला त्याचं एवढं कौतुक केलं, त्यातलं निम्मं आज परत घेतो. यंत्रात खोट नाही. माझ्या तारेशी त्याचं जमत नाही.

रोलर केला तेव्हा डोळ्यांसमोर हातभर लांबीची तार होती. आले ते कापलेले तुकडे, ६५ मिलीमीटरचे. पाकिटावर छापलंय 'गोलाई दिलेली', आत चोवीसच्या चोवीस सरळसोट. फोन केला तर म्हणे, "बसवताना आपोआप वाकते, सर." आपोआप वाकली असती तर आपण हे उद्योग कशाला करत बसलो असतो?

आता गणित बघा. बेअरिंगं ६०८ नंबरची, व्यास २२ मिलीमीटर. बाहेरची दोन एकमेकांपासून ५० मिलीमीटरवर, आणि टँगसाठी, म्हणजे फ्रेटच्या लाकडात घुसणाऱ्या खालच्या पायासाठी, खाच ठेवलेलं मधलं आतून दाबणारं. तार तिन्हींना एकदम टेकली तरच वाकते. म्हणजे तुकड्याचे पहिले २५ मिलीमीटर नुसते पुढे सरकतात, शेवटचे २५ तसेच सुटतात, हाती उरतात मधले १५. सगळी गोलाई त्या पंधरात कोंबली आणि बाहेर पडलं कौलारू घराचं छप्पर! तरी हट्टानं तीन बसवले. बोर्ड १२ इंच गोलाईचा, म्हणजे १२ इंच त्रिज्येच्या वर्तुळाइतका वाकलेला. फ्रेट मधे चपखल, कडेला टोकं वर. बारीक ई तार छेडली की सितारीची जवारी वाजायची. उपटताना सातव्या फ्रेटपाशी लाकडाची कपची निघाली, ती सुपरग्लूनं चिकटवली. त्या संध्याकाळी गिटारकडे पाठ करून जेवलो.

पकडीनं टोकं वाकवूनही पाहिली. क्राउनवर, म्हणजे फ्रेटच्या वरच्या गोल भागावर, दातांचे ठसे उठले, बाकी काही झालं नाही.

मग सराफा. रात्री गराडू खायला अख्खं इंदूर जातं. मी सकाळी अकराला गेलो, सोन्याची दुकानं उघडी असताना. आईच्या बांगड्या जोडून देणाऱ्या कारागिरानं तुकडा नखानं टोचून पाहिला आणि म्हणाला, "ये तो जर्मन है." बरोबरच होतं त्याचं. फ्रेटवायर म्हणजे जर्मन सिल्व्हर: नावात चांदी, अंगात तांबं, जस्त आणि साधारण १८ टक्के निकेल. तापवून मऊ करून देतो म्हणाला, तेव्हा मीच हात जोडले. मऊ फ्रेटला तारांच्या खाचा लवकर पडतात. मग सहज बोलून गेला, "भिया, सिरे पहले मोड़ो, पेट तो बाद में भी मुड़ जाएगा." अंगठी करताना तो हेच करतो. टोकाच्या पलीकडे धरायला काही उरत नाही, म्हणून टोकं आधी. महिनाभर मी नेमका उलटा चाललो होतो.

बेत ठरला: टोकं लाकडी ठोकळ्यावर, पोट रोलरमध्ये. चौकटीतून उरलेला सागाचा तुकडा घेतला. त्यावर आईचं बारा इंची ताट पालथं घालून कमान आखली, म्हणजे गोलाई सहा इंच. बोर्ड बाराचा असताना सहा का? एक तर तार बोर्डापेक्षा थोडी जास्तच वाकलेली हवी, दहाच्या आसपास, म्हणजे ठोकताना टोकं आधी बसतात आणि मधला भाग दाबला की बाहेर सरकून घट्ट धरतात. शिवाय हात काढला की तार परत उलगडते. कमानीच्या कडेवर लांबीनं हॅक्सॉची खाच मारली. पातं साधारण एक मिलीमीटरची वाट करतं आणि लाकडात घट्ट धरणाऱ्या बाजूच्या बारीक काट्यांसकट टँग माझ्या वर्नियरवर ०.८ मिलीमीटर भरतो, म्हणून काटे शाबूत राहतात. (रोलरची पहिली खाच ०.६ ठेवून मी काटे इस्त्री केले होते.)

टँग खाचेत, क्राउन वर. नायलॉनच्या हातोडीनं एक टोक, मग दुसरं. तपासायला काच आणि २ मिलीमीटरचं ड्रिल बिट. तुकडा टँगवर उभा धरायचा. दोन्ही टोकं टेकलेली असताना मधून बिट जेमतेम सरकलं, तर ६५ मिलीमीटरच्या तुकड्याला गोलाई दहा इंचाला लागून. पहिल्याच तुकड्याखालून ते किंचित घासत गेलं. मी ते चार वेळा सरकवून पाहिलं, उगाच.

आणि तेव्हा लक्षात आलं की हा तुकडा रोलरमधून काढलेलाच नाही. टोकं ठोकता ठोकता पोटही ठोकळ्याला टेकलं होतं! वीस तुकडे पाऊण तासात झाले. लांब तार मिळेल तेव्हा रोलर खाली येईल. तोवर विकतचा बेंडर घेऊ नका, साग आणि ताट घ्या.

आज पहिल्यापासून बाराव्यापर्यंत बसवणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय, ठोकळ्याची दुसरी कड रिकामीच आहे. स्टेनलेसची फ्रेटवायर याहून जास्त उलगडते, तर तिथे नाश्त्याच्या ताटलीची कमान आखावी का? ताटली नऊ इंची आहे, म्हणजे गोलाई साडेचार. जास्त होईल बहुतेक. आधी एक तुकडा ठोकून पाहतो, फ्रेट उद्या.